दारव्ह्याच्या मावशीचा डबा: लिव्हर आणि आतड्याच्या पेशंटनं सहा महिने खाऊन पाहिलेला

राजेहो, मेसच्या डब्याबद्दल इतकं लांबलचक कोणी लिहीत नाही, पण मला लिहायचंच आहे, कारण आठ महिन्यांत ६८ वरून ५७ किलोवर आलेल्या माणसाचं अंग या डब्यानं सावरलं आणि आपल्याकडे खेड्यापाड्यात असे पेशंट बरेच आहेत ज्यांना घरचेच लोक मायेपोटी उपाशी ठेवतात.

आधी माझं सांगतो. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, घर अकोल्याकडे, शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यापासून ११ किलोमीटर आत, म्हणून इथे रूम करून राहतो. मला २०१६ पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा, रक्त पडणे, दिवसातून सात-आठ वेळा जाणे. नंतर रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम वाढलेलं दिसलं, नागपूरला एमआरसीपी म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय केला तेव्हा कळलं की लिव्हरच्या पित्तनळ्या पण आक्रसत चालल्यात, त्याला पीएससी म्हणतात. हा आजार ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकांना आतड्याचा पण आजार असतो, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आता लिव्हर कडक झालंय, सिरॉसिसच.

लिव्हर म्हटलं की आपल्याकडे एकच पथ्य सुरू होतं, कावीळवालं. तेल बंद, तूप बंद, डाळ बंद, अंडं तर नावच नको, उसाचा रस घ्या, मोसंबी खा, साधा भात खा. मी पण तेच केलं, मनापासून केलं. कोणीतरी गुळवेलीचा काढा आणून दिला तो पण दीड महिना घेतला. नंतर डॉक्टरांनी तो ऐकूनच बंद करायला लावला, कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत म्हणे. मग एका मेडिकलवाल्यानं २३०० रुपयांचा प्रोटीनचा डबा गळ्यात मारला, त्यावर बारीक अक्षरात पाहिलं तर सगळ्यात आधी साखर लिहिलेली, आणि तो घेतला की पोट अजून बिघडायचं. वजन उतरतच होतं. शर्टाची कॉलर ढिली, घड्याळ मनगटावरून घसरायचं, फळ्यावर वरपर्यंत लिहायला हात उचलला की दंड थरथरायचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, वजन उतरायला लागलं तर पहिले डॉक्टर, मग डबा. या आजारात अचानक वजन गेलं तर पित्तनळीत काही वाईट तर होत नाही ना हे पाहावंच लागतं, म्हणून माझी पुन्हा एमआरसीपी झाली, कोलोनोस्कोपी झाली (ती आम्हा लोकांना दरवर्षी करायचीच असते), थायरॉइड, शुगर, विटामिन सगळं झालं. विटामिन डी तळाला गेलेलं, कारण पित्त कमी उतरलं की चरबी पचत नाही आणि ए, डी, ई, के ही चार विटामिनं चरबीसोबतच अंगात जातात. वाईट काही निघालं नाही. पण शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी भलती वाढलेली, म्हणजे आतडं आतून पेटलेलंच होतं. ते शांत करायचं औषध वाढवलं, कारण आतडी पेटलेली असताना कितीही खा, अंगी लागत नाही.

मग डॉक्टरांनी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी मी दिवसभर काय खातो ते विचारून हिशोब केला, ११०० कॅलरी आणि ३५ ग्रॅम प्रोटीन निघालं. माझ्या वजनाला पाहिजे होत्या जवळपास २०००, आणि प्रोटीन किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ७० ते ८५. म्हणजे पथ्य समजून मी निम्मंच खात होतो! लिव्हरच्या पेशंटनं प्रोटीन खाऊ नये हा सल्ला जुना झाला असं त्या म्हणाल्या. आणि एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात पक्की बसली. धडधाकट माणसाचं लिव्हर रात्रीसाठी साखरेचा साठा करून ठेवतं. कडक झालेल्या लिव्हरमध्ये तो साठा मावतच नाही, रात्री लवकर संपतो, मग शरीर स्वतःचं मांस तोडून साखर बनवतं. आपल्यासारख्या सिरॉसिसवाल्याची एका रात्रीची उपाशी झोप म्हणजे चांगल्या माणसाचा दोन-तीन दिवसांचा उपास. मी तर संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊला चहा घ्यायचो. चौदा तास. रोज.

आता हे सगळं ऐकून घेतलं, पण एकट्या माणसानं दिवसातून सहा वेळा बनवायचं कधी आणि कसं. तर शकुंतला रेल्वेच्या जुन्या स्टेशनकडे जाताना एका घरात मावशी मेस चालवतात, बोर्ड नाही, नाव नाही, आयटीआयची पोरं जेवतात तिथे. मी मॅडमचा कागद घेऊन गेलो. मावशीला वाचता येत नाही, नातीनं वाचून दाखवला, मावशीनं पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "गुर्जी, हे त बाळंतिणीसारखं झालं, थोडं थोडं, घडीघडी. होते मले."

सकाळी पावणेसातला तीन डबे तयार असतात. पहिल्यात उकडपेंडी किंवा पोळी आणि दोन उकडलेली अंडी, ते तिथेच बसून खातो. दुसरा शाळेच्या छोट्या सुट्टीसाठी, केळ आणि राजगिऱ्याचा लाडू. तिसरा दुपारचा, पोळ्या, मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, भाजीत दुधी, दोडका, कोहळं असलंच, सालं काढून, बिया काढून. अंबाडी, गवार, वांग्याच्या बिया माझ्या आतड्याला अजून झेपत नाहीत, ते मावशीला एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पाचला दही-पोहे नाहीतर पनीरचे तुकडे. दूध मला फुगवतं, दही चालतं, तुमचं वेगळं असू शकतं. आठला तिथेच जेवण, मऊ खिचडी, आठवड्यातून दोनदा मासे.

आणि सहावा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. बिस्कीटच्या पुड्याएवढा स्टीलचा डबा, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारून दिलेला. त्यात मलिदा. दोन पोळ्या हातानं कुस्करून, गूळ किसून, चमचाभर तूप. मॅडमनी झोपायच्या आधी ५० ग्रॅम कर्बोदकं जातील असं काहीतरी खा म्हटलं होतं, दोन पोळ्या आणि दीड चमचा गूळ म्हणजे तेवढंच भरतं. पहिल्या रात्री दहा वाजता भूक नव्हती, नको वाटत होतं, डबा उघडला तर गुळाचा वास आला आणि आई आठवली, शाळेतून आलो की हेच द्यायची. खाल्ला सगळा. आता तो खाल्ल्याशिवाय झोप लागत नाही. एक-दोनदा मी कंटाळून तसाच परत दिला तर मावशी म्हणाल्या, "तुमी काय खाता काय फेकता ते मले भांडं पाहूनच समजते."

तुपाबद्दल सगळ्यांना शंका असते. ज्याचं पित्त नीट उतरत नाही त्याची शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारी होते, तशी झाली तर चरबी कमी करावी लागते. मला चमचाभर पचतं. खिचडीवर मॅडमनी एमसीटी म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीचं तेल सांगितलं, त्याला पचायला पित्त फार लागत नाही, पण महाग आहे, म्हणून महिन्याला एकच बाटली घेतो.

तक्रारी पण आहेत, त्या लिहिल्या नाही तर खोटं होईल. सुरुवातीचे पंधरा दिवस तिखट होतं, आपल्याकडच्या हाताला तिखट कमी करणं जमतच नाही, वरणात पण मिरची. मी जळजळ सहन केली आणि मग एकदा चिडून बोललो, नंतर वाईट वाटलं. उन्हाळ्यात दुपारचं वरण एकदा आंबलं होतं, ४५ डिग्रीत काय राहणार, मी फेकून दिलं, पण लिव्हरच्या पेशंटला शिळ्या अन्नाचं इन्फेक्शन झालं तर जीवावर येतं, म्हणून मी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून उन्हाळाभर दुपारी कोरडी मुगाची डाळ आणि पोळी, आणि दही शाळेजवळ ताजं घ्यायचं ठरलं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत पण बंद, मात्र माझ्यासाठी कमी तिखटाची कढी आणि पुरणपोळी बाजूला काढून ठेवली होती. आषाढीला मी उपास धरतो म्हटलं तर डबा हातात देऊन दारातच उभ्या राहिल्या. तेवढं वर्ष उपास नाही झाला.

पैसे, दोन वेळच्या मेसचे ३००० घेतात, माझे सहा वेळचे ४४००, अंडी धरून, मासे वेगळे. 

फरक सांगताना एक सावध करतो. पहिल्याच महिन्यात काटा ६० वर गेला आणि मी पेढे वाटायचा बाकी होतो. रात्री मोजे काढले तर घोट्यावर मोज्याची खोल खूण, बोट दाबलं की खड्डा. ते वजन नव्हतं, पाणी होतं. लघवीवाटे पाणी काढायची गोळी सुरू झाली, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणायला सांगितलं, पापड, लोणचं, ठेचा गेला, अडीच किलो उतरलं आणि खरं वजन समोर आलं. तेव्हापासून मी काट्यावर एकट्यावर भरवसा ठेवत नाही. टेलरचा टेप दंडाला लावतो, २३.५ सेंटिमीटर होता, आता २५ आहे. आणि खुर्चीवरून हात न टेकवता पाच वेळा उठून बसायचं, आधी १९ सेकंद लागायचे, आता १३. वजन आज ६२, पायाला सूज नाही.

जायचं असेल तर संध्याकाळी पाचच्या आधी जा, तेव्हा मावशी मोकळ्या असतात. तुमच्या डॉक्टरांचा कागद सोबत न्या, माझे आकडे माझ्या वजनाचे आहेत. सध्या माझ्यासारखे अजून दोघांचे डबे त्या करतात, एक डायलिसिसचा आहे, त्याचं पथ्य पूर्ण वेगळं, पण चुकत नाहीत. आणि तिखटाचं पहिल्याच दिवशी सांगा, माझ्यासारखं पंधरा दिवस थांबू नका.