क्यूचं अभिलेखागार : लष्करी कागद वाचायला जाणाऱ्यांसाठी

लष्करी इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्या कुणीही ‘लंडनला जाण्याइतका खर्च करावा का’ असं विचारलं, तर माझं उत्तर ‘हो’ आहे. फक्त आधी घरी बसून तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा ऑनलाइन कॅटलॉग नीट चाळा आणि मगच तिकीट काढा. ब्रिटनचं हे राष्ट्रीय अभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं भांडार, लंडनच्या क्यू भागात आहे, क्यू गार्डन्स स्टेशनातून सहज चालत जाता येतं. रविवार-सोमवार बंद. वाचक कार्ड फुकट मिळतं, पण नावाचा आणि पत्त्याचा असे दोन वेगळे पुरावे लागतात. पत्त्यासाठी काय चालतं ती यादी निघण्यापूर्वी वेबसाइटवर बघा, आपलं आधार खपून जाईल असं धरून चालू नका. आत पेन नाही, पेन्सिलच. सामान लॉकरमध्ये. मोबाइलने हवे तेवढे फोटो काढा, पैसे पडत नाहीत, फक्त फ्लॅश बंद ठेवायचा.

माझा विषय मराठा लाइट इन्फन्ट्री, इटली, १९४४-४५. दुसऱ्या महायुद्धातल्या पलटणींच्या युद्ध-डायऱ्यांचे, म्हणजे रोजच्या घडामोडींच्या अधिकृत नोंदींचे गठ्ठे इथे आहेत, आणि बहुतेक ऑनलाइन नाहीत, म्हणून जावंच लागतं. तेव्हा ‘सीक्रेट’ म्हणून वर पाठवलेला कागद आज आपल्यासमोर फोमच्या उशीवर ठेवलेला असतो. नकाशाचे आकडे, गस्तीच्या वेळा, हवामान, सगळं आहे. माणसं मात्र कमी. अधिकाऱ्यांची नावं येतात, जवान बहुतेकदा ‘आयओआर’ एवढेच, म्हणजे इंडियन अदर रँक्स, आणि पुढे आकडा. याच रेजिमेंटचे, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्यपदकांच्या शिफारशी शोधायच्या तर डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे तेव्हाचं ब्रिटिश युद्ध खातं) ३७३ ही फाइलींची वेगळी मालिका बघा, ती घरबसल्या उतरवून घेता येते. डायरी आणि शिफारस शेजारी ठेवून वाचायची सवय लावून घ्या.

आता मला खरं काय आवडलं ते. इथे काय दाखवत नाहीत, तेही लिहून ठेवलेलं असतं. कॅटलॉगमध्ये फाइलच्या नावापुढे ‘बंद’ किंवा ‘खात्याकडेच ठेवली’ अशी नोंद दिसते, सोबत कायद्याचं कलम. ब्रिटनच्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली फेरविचाराची मागणी कुठल्याही देशाच्या माणसाला करता येते. आपला माहिती अधिकार फक्त नागरिकांना आहे, आणि वीस वर्षं जुन्या घटनांची माहिती द्यावी असं त्यात म्हटलं असलं, तरी देशाच्या सुरक्षेचं कलम त्यातून वगळलेलं आहे, म्हणजे सुरक्षेचं कारण देऊन जुनी माहितीही नाकारता येते.

याहून मोठा फायदा छापताना होतो. इथले बहुतेक सरकारी कागद खुल्या परवान्याखाली येतात. संदर्भ क्रमांक द्या, श्रेय द्या आणि छापा, पत्रव्यवहार करावा लागत नाही. उलट आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा लष्कराचा चौकशी अहवाल, हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल, १९६३ चा. सरकारने तो अजून खुला केलेला नाही, त्यातला काही भाग २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर टाकला. वाचलेला सगळ्यांनी आहे. पण आमच्या सरांनी बजावलं होतं, ‘फुटलेला कागद तळटीपेत नको. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा गोपनीय माहिती घेणाऱ्यालाही धरतो.’ सर तसे भित्रे नाहीत, त्यामुळे मी ऐकलं.

क्यूला साधुसंत समजू नका. जानेवारी २०१४ मध्ये इथल्या नव्या खुल्या कागदांतून ऑपरेशन ब्लू स्टारपूर्वी ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने भारत सरकारला सल्ला दिल्याचं उघड झालं. चौकशी झाली, तेव्हा त्या विषयावरच्या काही लष्करी फाइली २००९ मध्येच नेहमीच्या छाटणीत नष्ट केल्याचं कळलं. आणि डिसेंबर २०१८ मध्ये अणुशस्त्रांविषयीच्या, वर्षानुवर्षं कुणीही वाचाव्यात अशा फाइली अचानक ‘सुरक्षा तपासणी’साठी काढून घेतल्या. ज्यांनी त्या आधीच तळटीपेत दिल्या होत्या, त्यांचं म्हणणं आता ताडून बघायचं कसं? माझा अर्धा तारा इथेच कापला, पाचपैकी साडेचार.

जाणाऱ्यांना एक सांगते. प्रत्येक फाइलचं पहिलं पान, म्हणजे मुखपृष्ठ, आणि जिथे पान काढून तिथे कोरा कागद लावलेला दिसेल तो, असे दोन्ही फोटो आवर्जून काढा. परीक्षक विचारतात तेव्हा तेच उपयोगी पडतात.