बारा खणांचा रिकामा मेटलचा डबा, मालवणच्या खाऱ्या हवेत वापरल्यावर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू रंगांचा नाही, डब्याचा आहे. ऑनलाइन 'एम्प्टी वॉटरकलर टिन' शोधलं की जो काळा पत्र्याचा डबा समोर येतो, आतून पांढरं इनॅमल, बारा हाफ पॅन (रंग भरायच्या छोट्या चौकोनी वाट्या) बसतात, खाली अंगठ्यात अडकवायची रिंग, तोच. कंपनीचं नाव लिहून काही उपयोग नाही कारण हाच डबा दहा नावांनी विकला जातो, मी साडेचारशेच्या आसपास घेतला. फक्त पॅन सोबत येतात का ते वाचून घ्या, काही जण नुसता डबा पाठवतात.

मी इलस्ट्रेटर आहे, मुलांची पुस्तकं आणि दिवाळी अंक हे मुख्य काम. रोज बंदरावर नाहीतर बाजारात बसून एखादं पान तरी काढायचं हा शिरस्ता आहे, आणि रोज काढायचं असेल तर सामान इतकं कमी पाहिजे की ते बाहेर काढायचा कंटाळा येता कामा नये. हा डबा पर्समध्ये मोबाइलच्या शेजारी मावतो, रिंगेत अंगठा घातला की उभ्या उभ्या एका हातात रंग आणि वही दोन्ही राहतं, झाकणातच मिक्सिंग. मोठी ईझल-बिझल घेऊन बसणाऱ्यांबद्दल आदर आहे पण एसटीची वाट बघताना ते जमत नाही.

आता रिकामाच का, तयार भरलेला सेट का नाही. तर कारण आमची दमट हवा. वॉटरकलरमध्ये रंगाची पूड, गम अरेबिक म्हणजे ती पूड धरून ठेवणारा डिंक, आणि रंग पार दगड होऊ नये म्हणून ग्लिसरीन किंवा मध असतो. मध हवेतलं पाणी ओढतो. पुण्या-नागपुरात ते छानच, वाळलेला रंग ब्रश लागला की लगेच सुटतो. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर कपडेच वाळत नाहीत तिथे मधाचा रंग कुठला वाळतोय, डबा पर्समध्ये उभा राहिला की पिवळा हळूहळू निळ्याच्या घरात. शिवाय ओलसर पॅन बंद राहिले की वर पांढरी बुरशी. म्हणून आपण ट्यूब निवडायच्या, मध नसलेल्या, आणि पॅन आपणच भरायचे.

भरायचे ते मे महिन्यात. पॅन एकदम काठोकाठ भरला तर वाळताना आकसून तडे जातात आणि तुकडा उडून बाहेर येतो, म्हणून दोन-तीन थर द्यायचे, प्रत्येक थर टूथपिकने ढवळायचा म्हणजे आतले बुडबुडे निघतात, आणि पहिला नीट वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. हाफ पॅनमध्ये साधारण दोन मिली रंग मावतो. मी अंगणात आंब्याची साठं वाळत घालतात त्याच खाटेवर ठेवते, आई ते पॅन उचलून पार लांब नेऊन ठेवते, कोणा पोराने चाटले तर काय घ्या.

बारा पॅनमध्ये काय भरायचं यावर भांडणं होतात. माझ्या मते अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, हे दोन असले की अर्धं कोकण झालं, दोघं मिसळून जो करडा होतो तो पावसाळी ढगाला चालतो, भिजलेल्या चिऱ्याला चालतो, सिंधुदुर्गाच्या तटालाही चालतो, फक्त कुठला जास्त घालायचा ते बघायचं. हिरव्याचं मात्र तसं नाही. जूनमध्ये भाताचा तरवा जो पोपटी दिसतो तो कुठल्याच तयार ट्यूबमध्ये नसतो, लेमन यलोत थॅलो ग्रीन अगदी टोकावर घेतला की जमतो, आणि त्याच थॅलोत बर्न्ट सिएना टाकला की जुन्या आंब्याच्या पानांचा काळपट हिरवा. थॅलो फार जोरकस, पॅनमधून शेजाऱ्यांकडे पसरतो, त्याला कोपऱ्यात बसवा. आंब्याची नवी तांबूस पालवी काढायला एक क्विनॅक्रिडोन रोज, म्हणजे गुलाबी, लागतो. ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे रंगाच्या मूळ पुडीचा, कोड असतो तो बघायची सवय लावा: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीव्ही १९ हा क्विनॅक्रिडोन. जुना अलिझरीन क्रिम्सन, म्हणजे पीआर ८३, उजेडात फिका पडतो, छपाईसाठी स्कॅनच करणार असाल तर हरकत नाही पण मूळ चित्र विकणार असाल तर तो नको. ट्यूब कुठल्या, हे विचारणाऱ्यांना एवढंच, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या कृपेने जवळच्या स्टेशनरीत कॅम्लिनचं काही ना काही मिळतंच (दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेली कंपनी), पण शाळेच्या पातळीचे नाही, आर्टिस्ट लिहिलेले घ्या, नसतील तर मागवायला सांगा.

डब्याच्या तक्रारी. पहिली, नव्या इनॅमलवर पाणी थेंब थेंब होऊन बसतं, रंग पसरतच नाही, मिसळलेला रंग केवढा गडद झालाय ते कळत नाही. त्यावर पांढरी टूथपेस्ट बोटाने हलकी घासून धुऊन टाकली की जातं, जोर लावू नका. दुसरी, पॅन धरायच्या पत्र्याच्या जिभा सैल पडतात, मी खाली चुंबकाची पट्टी चिकटवली आणि विषय संपवला. तिसरी खरी तक्रार, बिजागरी. बाहेरचा काळा रंग चांगला टिकलाय पण बिजागरीची जी बारीक तार आहे तिला समुद्राच्या हवेत गंज धरतोच, आधी नारिंगी ठिपका, मग उघडताना कुरकुर, मग एक दिवस गंजाची पूड थेट लेमन यलोत आणि तो पिवळा कायमचा मातकट. शिलाई मशीनचं तेल कापसाच्या काडीवर अगदी कणभर घेऊन फक्त बाहेरच्या बाजूने लावायचं, पुसून टाकायचं, आत गेलं तर रंग कागदावर धरणार नाही. आणि ओला डबा बंद करायचा नाही, घरी आल्यावर उघडा पंख्याखाली, रात्री स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. एवढे लाड ज्यांना नको त्यांनी प्लास्टिकचा घ्यावा, त्याला गंज नाही, पण प्लास्टिकवर मिसळायला मला मजा येत नाही.

बंदरावर डब्याचा खरा फायदा कळतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना माणसं दोर धरून मागे मागे सरकत असतात, कोणी थांबत नाही, तेव्हा पेन्सिलने बाह्यरेषा काढत बसलात तर संपलंच. मी थेट ब्रशने पाठीचा बाक आणि ताणलेले पाय एवढंच टाकते, डोकं नंतर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा उलट, होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने झाकलेल्या, हलत नाहीत, निवांत बघून काढा. अशीच एक काढत होते तर मागून आवाज, "आमची होडी निळी आसा, तू काळी कित्याक केलंस गो बाय?" म्हटलं काका, सावलीत आहे म्हणून. "सावलीत व्हयी, पण निळीच मा?" बरोबरच होतं त्यांचं, सावलीतला निळा निळाच असतो, त्यात अल्ट्रामरीन वाढवला. त्यांनीच वर सुचवलं की पाणी कशाक घरसून आणतंस, समोर दर्या आसा. समुद्राचं पाणी वापरू नका हां, मीठ हवेतला ओलावा धरतं, चित्र दमट ते दमटच राहतं.

सोबत वॉटरब्रश (दांड्यातच पाणी भरायचा ब्रश) एक जाड एक बारीक पुरतो. कागद मात्र कॉटनचा ३०० जीएसएम, म्हणजे चांगला जाड, ए-फाइव्हची वही, महाग वाटते पण साध्या कागदावर दोनदा रंग फिरवला की वरचा थर उकरला जातो. वहीसुद्धा पावसाळ्यात त्याच हवाबंद डब्यात, कारण दमट हवेत कागदावरचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, खराब होतं, मग आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा हात) देताना मध्येच डाग पडतात, तिथे रंग शोषून बसतो आणि काही केल्या निघत नाही. आणि वॉश वाळायला वेळ लागतो म्हणून पावसाळ्याला शिव्या घालू नका, ढग ओल्यात ओला सोडायला इतका निवांत वेळ मार्च-एप्रिलमध्ये मिळत नाही.

या रोजच्या पानांचा कामात उपयोग होतो का? दिवाळी अंकांची चित्रं नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये मागतात, त्यातल्या अर्ध्यांना 'कोकणातलं घर' हवं असतं, आणि डोक्यातून काढलं की दोन माड, उतरतं छप्पर, झालं. वहीत बघितलं की पडवीला झड येऊ नये म्हणून बांधलेलं निळं प्लास्टिक असतं, त्याच्या टोकाला बांधलेला चप्पलचा तुकडा, म्हणजे सुतळीने प्लास्टिक फाटत नाही. असलं काही मी घरी बसून सुचवूच शकले नसते, आणि संपादकांना ते प्लास्टिक आवडत नाही ही वेगळी गोष्ट.

पाचातले चार देईन, एक बिजागरीचा कापला. रोज छोटं काढणाऱ्यांनी जरूर घ्या. चोवीस पॅनच्या मोठ्या डब्याच्या मागे लागू नका, जड होतो आणि मग घरीच राहतो. आणि मोठ्या कागदावर काम करणाऱ्यांनी हा घेऊच नये, हाफ पॅनमध्ये मोठा चपटा ब्रश शिरतच नाही, त्यांनी मोठ्या खणांची घडीची पॅलेट घेऊन त्यात सरळ ट्यूब पिळाव्यात.