बिलावर लिहिलं होतं ‘आयटी स्क्रॅप, ३१ किलो’

मी अमळनेरला कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास चालवते. जीसीसी-टीबीसी या सरकारी कॉम्प्युटर टायपिंगच्या, मिनिटाला ३० शब्दांच्या मराठी-इंग्रजी परीक्षेला बसणारी मुलंमुली जास्त, थोडे टॅली शिकणारे. बहुतेक जण आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात, आणि मशीन रिकामं नसलं तर तासभर बाकावर बसून परत जातात. ते मला फार लागायचं. २०२५ च्या आखाजीनंतर आप्पांनी घरात ठेवलेला कापूस विकला. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून थांबले होते, तो काही वाढला नाही. त्यातले १ लाख ६० हजार त्यांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाले, मशीनं घे.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केली. आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे वापरलेले लॅपटॉप, सहा महिन्यांची वॉरंटी, १८ हजाराला एक. माझ्या पैशांत आठ बसत होते. मला चौदा हवे होते. मोह तिथे सुरू झाला.

एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर एक लॉट दिसला: नामांकित कंपनीचे १४ लॅपटॉप, आय-फाइव्ह, ‘टेस्टेड, पॉवर ऑन’. फोटो स्वच्छ. सुरुवातीची बोली ६० हजार. भाग घ्यायला १५ हजार अनामत भरायची होती, ती भरली. माल भिवंडीजवळच्या गोदामात, पाहणीसाठी दोन दिवस ठेवलेले. बॅच सुरू होती, एवढ्या लांब जाऊन येण्यात दोन दिवस मोडले असते, म्हणून गेले नाही. फोटोंवर भागवलं.

लिलाव रात्री आठला संपणार होता. शेवटच्या तीन मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आणखी तीन मिनिटं वाढते, असा नियम. मी बोली लावली की समोरचा एकजण बरोबर हजार रुपये वर जायचा. ८० झाले, ९५ झाले, लाख ओलांडला. सव्वानऊला १ लाख २६ हजारांवर तो थांबला आणि लॉट माझा झाला. तेव्हा वाटलं, लॅपटॉप ९ हजाराला पडला, जळगावच्या निम्म्या किमतीत.

तसा तो पडलाच नाही. बोलीवर ५ टक्के साइटचं शुल्क, म्हणजे ६,३००. त्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,८१४. ट्रान्सपोर्टचे २,४००. सगळं मिळून १,५८,५१४, म्हणजे एकेक मशीन ११ हजार ३०० च्या वर. हे नियमांत लिहिलेलं होतं, लपवलेलं नव्हतं. पण बोली लावताना डोळ्यांपुढे बोलीचाच आकडा असतो. कुणी लिलावात उतरणार असेल तर कर आणि शुल्क धरून आपला शेवटचा आकडा आधी कागदावर लिहावा, आणि तिथे पोहोचलो की फोन ठेवून द्यावा.

त्या बोली वाढवणाऱ्याबद्दल एक सांगते. नंतर मी त्याच विक्रेत्याचे जुने लॉट उघडून पाहिले. पाच लॉटमध्ये तोच बोलीदार क्रमांक होता. पाचही वेळा तो शेवटपर्यंत चढला आणि पाचही वेळा हरला. तो विक्रेत्याचाच माणूस होता हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसा आरोप करत नाही. पण मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ मध्ये लिलावाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: आधी जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावणं बेकायदेशीर आहे, आणि खरेदीदार अशी विक्री फसवणूक मानू शकतो. बोली लावण्याआधी त्या विक्रेत्याचे संपलेले लॉट उघडून पाहायला दहा मिनिटं लागतात. मी ती नंतर दिली.

माल नवव्या दिवशी आला. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून बिल्टी दाखवून दोन खोकी रिक्षात घातली. क्लासमध्ये सहा मुली थांबल्या होत्या, नवी मशीनं बघायला. खोकी त्यांनीच उघडली.

तीन लॅपटॉपमध्ये रॅमच नव्हती. बोर्डही मेलेले, चार्जर लावला तरी दिवा लागत नव्हता. अकरा सुरू झाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण मला स्वतःला हे ठाऊक नव्हतं आणि मी बारा वर्षं कॉम्प्युटर शिकवते आहे.

अकरापैकी चार मशीन स्क्रीन उजळली की काळ्या पडद्यावर एक चौकोन दाखवायचे आणि पासवर्ड मागायचे. हा विंडोजचा पासवर्ड नाही, बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचा. मी नेहमीचा उपाय केला, मागचं झाकण उघडून बोर्डावरचा छोटा सेल काढून ठेवला. जुन्या डेस्कटॉपला त्याने काम होतं. ऑफिसवापराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो. सेल काढा, हार्ड डिस्क बदला, काही होत नाही. काही कंपन्या तर बोर्ड बदलायलाच सांगतात, आणि बोर्डाच्या किमतीत दुसरा जुना लॅपटॉप येतो.

उरले सात. सातांवर पेन ड्राइव्हवरून नवी विंडोज टाकली, सगळं सुरळीत झालं. शेवटी वायफाय जोडायला सांगितलं, जोडलं. पाच मशीनवर एका मोठ्या कंपनीचं नाव आलं, तुमचं स्वागत आहे म्हणून, आणि खाली ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाका. पुन्हा फॉरमॅट केलं, पुन्हा तेच. आतली डिस्क (एसएसडी) बदलून पाहिली, तरीही तेच.

याचं कारण असं की मोठ्या कंपन्या आपल्या प्रत्येक लॅपटॉपची ओळख मायक्रोसॉफ्टकडे आपल्या खात्यात नोंदवून ठेवतात. या सोयीला ऑटोपायलट म्हणतात. ती ओळख मशीनच्या अंगाची असते, डिस्कची नाही. नव्याने विंडोज टाकून नेट जोडलं की मशीन विचारतं, मी कुणाचं? आणि उत्तर येतं, त्या कंपनीचं. मशीन विकताना कंपनीने आपल्या खात्यातून नोंद काढली तरच ते दुसऱ्याचं होऊ शकतं. माणूस मशीन सुरू करून बघतो, विंडोजचा पडदा दिसतो, पैसे देतो. या मशीनांपुरतं विक्रेत्याचं ‘टेस्टेड, पॉवर ऑन’ खरंच होतं. पॉवर ऑन होतच होतं.

इथल्या एका मेकॅनिकने नेट न जोडता एक मशीन चालू करून दिलं. पण रीसेट केलं की पुन्हा तेच होणार, आणि मला ते पटलंही नाही. पडद्यावर दुसऱ्याचं नाव येतंय, माल चोरीचा असेल तर मुलींसमोर काय तोंड दाखवू? मी त्या कंपनीला सिरियल नंबरसकट मेल केला. अकराव्या दिवशी उत्तर आलं: ही मशीनं आम्ही तोडून रिसायकल करण्यासाठी दिली होती, विकण्यासाठी नाही, त्यामुळे नोंद काढता येणार नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि अशा मोठ्या वापरकर्त्यांनी कचरा नोंदणीकृत रिसायकलर, रिफर्बिशर (दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा उत्पादकाकडेच द्यायचा असतो. कंपनीने दिलाही असेल. मधे कुठे वाट फुटली ते मला कळलं नाही.

मग मी बिल काढलं. पैसे भरल्यावर मेलवर आलं होतं, मी फक्त एकूण रक्कम पाहिली होती. त्यात लॅपटॉप हा शब्द नव्हता, एकही सिरियल नंबर नव्हता. ‘आयटी स्क्रॅप, ३१ किलो’ एवढंच. लॉटच्या पानाखाली जोडलेल्या पीडीएफमध्येही वर्णनाच्या रकान्यात तेच, आणि ‘जसे आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर विक्री. विक्रेत्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, ताई, तुम्ही भंगार घेतलंय.

उरलेली दोन मशीनं मोकळी निघाली. दोन्ही सहाव्या पिढीची. ‘आय-फाइव्ह’ एवढं लिहून कुणी थांबत असेल तर पुढचा आकडा विचारा: ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८३५० म्हणजे आठवी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा माल सध्या ढिगाने बाजारात उतरतो आहे. स्वस्त दिसतो त्याचं हे एक कारण.

संध्याकाळी आप्पा आले. मी काही लपवलं नाही. ते बराच वेळ खोक्यांकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “बैल लेतांना दात देखतस ना, बाई?” मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तक्रारीचंही सांगते, कारण मी तिथेही चुकले. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे गेल्यावर काही तासांत फोन केला तर समोरच्या खात्यात ती रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. मी आधी विक्रेत्याशी, मग साइटशी मेलामेली करत बसले आणि एकोणिसाव्या दिवशी फोन केला. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. त्याच काळात एकाचा फोन आला, लिलावाच्या साइटच्या रिफंड विभागातून बोलतो म्हणाला, क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे मी स्वतः वर्गात शिकवते, म्हणून वाचले. एकदा फसलेल्या माणसाच्या मागे दुसरे लागतात.

जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार केली आहे. विक्रेत्याचं म्हणणं, हिने धंद्यासाठी माल घेतला, ही ग्राहकच नाही. वकिलांनी समजावलं की २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. लॉटच्या पानाचे स्क्रीनशॉट मी पहिल्याच दिवशी काढले होते, तेवढं एक बरं केलं. ते पान आता साइटवर नाही.

मागच्या महिन्यात चाळीसगावच्या एका क्लासवाल्या दादांनी मला विचारलं, असाच एक लॉट आहे, घेऊ का? मी त्यांना म्हटलं, दोन गोष्टी मागा. बिलावर प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर येईल असं लिहून घ्या. आणि कुठल्याही तीन मशीनचा व्हिडिओ मागा, पण तुम्ही सांगाल त्या तीनचा: खालच्या स्टिकरवरचा नंबर दाखवायचा, बायोस पासवर्डाशिवाय उघडून आतलाही नंबर दाखवायचा, मग रीसेट करून वायफाय जोडायचं आणि व्हिडिओ मधे न तोडता पुढचा पडदा दाखवायचा. जमलं तर बॅटरीचा अहवालही मागा, त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. त्यांनी तसं विचारलं. विक्रेता म्हणाला, एवढं कुणी विचारत नाही, घ्यायचं असेल तर घ्या. दादांनी बोली लावली नाही.

तो लॉट त्याच रात्री ९७ हजारांना कुणीतरी घेतला.