आईचं शुगर मशीन, आठ महिन्यांनंतर

संक्रांतीच्या आठवड्यात सांगलीतल्या मेडिकलमधून आईसाठी ग्लुकोमीटर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही करायची आहे. आई तासगावजवळ आमच्या गावी असते. वय ६८, सकाळी गोळी, रात्री इन्सुलिन.

मशीन स्वस्तात मिळतं, पैसे जातात ते रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांत. ५० पट्ट्या मला हजाराच्या आसपास पडतात. आमच्या पट्ट्या डबी उघडल्यापासून ९० दिवसांत संपवाव्या लागतात, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं मी उशिरा वाचलं. आता २५ चीच डबी आणतो.

एप्रिलमधली गोष्ट. आई शेडवरून बेदाणा निवडून आली, जेवून तीन तास झाले होते, आणि मशीनवर ३१२! मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "हात धुतले होते का?" नव्हते. दिवसभराचा बेदाण्याचा चिकटा बोटांवर तसाच. साबणानं हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटातून घेतलं, तर १६४. रक्ताचा थेंब इवलासा असतो, त्यात बोटावरची साखर मिसळली की आकडा फुगतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. आई मात्र अजून म्हणते, "तुझं मशीन लबाड हाय."

खुरपं धरून घट्टे पडलेल्या बोटांतून रक्तच येईना. सुईची खोली दोनवरून चारवर नेली आणि बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचायला लागलो. दुखतंही कमी.

पैसे वसूल झाले ते आषाढी एकादशीला. गोळी घेतली, खाल्लं काहीच नाही. अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागले, घाम फुटला. मशीन नसतं तर उपवासाची ग्लानी म्हणून मी तिला आडवं व्हायला सांगितलं असतं. आकडा ५८, म्हणजे साखर फारच उतरलेली. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८६. मग राजगिऱ्याचा लाडू. साखर उपवासाला चालते म्हणून वाद झाला नाही. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते आता डॉक्टरांकडून लिहून घेतलंय.

मिरजेच्या लॅबमध्ये रक्त दिलं तेव्हा तिथंच मशीनवरही मोजलं. लॅब १४१, मशीन १५२. १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) मानकातच धरलेला आहे, त्यामुळे हे चालतं. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.२ वरून ७.८ वर आलं. चहातली साखर तिनं आकडे बघून आपणहून सोडली. त्याआधी तीन वर्षं मी नुसता भांडत होतो.

आता तक्रार. पावसाळ्यात डबीचं झाकण नीट लागलं नाही, पट्ट्या दमटल्या आणि सारखा एरर. ही चूक आमची. पण ग्राहक सेवेला फोन केला तर मशीन कुरिअरनं पाठवा म्हणाले. मग तोवर मोजायचं कशानं? शेवटी नवी डबी उघडली, मशीन ठणठणीत निघालं. शिवाय सेल बदलला की तारीख पुसली जाते, म्हणून सगळे आकडे मी कालनिर्णयवर लिहितो.

परवा गणपतीला आईनं विचारलं, "मोदकाआधी मोजायचं का नंतर?" म्हटलं, दोन तासांनी. दोन तासांनी बघतो तर ती गाढ झोपलेली, आणि ताटलीतले मोदक तीनाचे दोन झालेले.