चंगाई सभेतील अभिषेकाचे तेल : १०० मिली, २५० रुपये

गेल्या जानेवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीन दिवसांची चंगाई सभा, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरवलेली ख्रिस्ती प्रार्थनासभा, भरली होती. तिन्ही संध्याकाळी मी तेथे हजर होतो आणि तेथे विकत घेतलेली तेलाची बाटली अजून माझ्याजवळ आहे, म्हणून हा अभिप्राय सभा व तेल या दोहोंबद्दल आहे. आयोजकांचे नाव येथे देत नाही. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि माझी तक्रार श्रद्धेविषयी नसून श्रद्धेच्या दारात मांडलेल्या गल्ल्याविषयी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

जे चांगले होते त्याबद्दल चांगलेच लिहिले पाहिजे. मंडप मोठा होता, थंडीचा विचार करून कनाती नीट बांधल्या होत्या, पाण्याची आणि शौचालयांची सोय तालुक्याच्या गावाच्या मानाने उत्तम होती. दुसऱ्या रात्री सर्वांना वरण-बट्टीचे जेवण मिळाले आणि त्यासाठी कोणाकडूनही पैसे घेतले गेले नाहीत. पाड्यांवरून आलेल्या मुलामुलींनी मावची या आदिवासी बोलीत गायिलेली गीते ऐकताना माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

मंडपाच्या प्रवेशद्वारापाशी मात्र तीन टेबले होती. पहिल्यावर पुढच्या रांगेचे पास, दुसऱ्यावर प्रार्थना अर्ज, तिसऱ्यावर तेल. अर्ज दोन रंगांचे होते. पांढरा अर्ज मोफत होता आणि तो एका खोक्यात टाकायचा होता. गुलाबी अर्जाला पाचशे रुपये पडत होते आणि तो भरणाऱ्याच्या डोक्यावर मुख्य वक्ते स्वतः हात ठेवणार होते. ज्याने ही रंगांची योजना आखली, त्याला आपण देवाच्या दयेचे दोन वर्ग पाडतो आहोत हे कळले नसेल, असे मला वाटत नाही.

आता तेलाविषयी. बाटलीवर सोनेरी कागद चिकटवलेला होता आणि त्यावर ‘अभिषेकाचे तेल’ असे छापलेले होते. धुळ्याला घरी आल्यावर मी ती कोमट पाण्यात ठेवली, तेव्हा सोनेरी कागद सुटला आणि खालून बाजारात कोठेही मिळणाऱ्या खोबरेल तेलाचे लेबल निघाले, छापील किमतीसकट : ५५ रुपये. धुळ्याच्या थंडीत ते दुसऱ्या दिवशी पहाटे इतर कोणत्याही खोबरेलासारखेच गोठून पांढरे झाले. तेल म्हणून त्यात खोट नाही. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांनी, आजाऱ्याला प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. पण तेथे वडील आजाऱ्याच्या घरी जातात, आजारी टेबलाशी रांगेत उभा राहत नाही, आणि किमतीचा तर उल्लेखही नाही. प्रभूने शिष्यांना आजारी बरे करायला पाठवताना जी आज्ञा दिली, ती मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात नोंदवली आहे : ‘तुम्हाला फुकट मिळाले, फुकट द्या.’

ती बाटली माझी नव्हती, माझ्या मावशीची होती. मावशी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते, आणि कापूसवेचणीच्या मजुरीतून बाजूला ठेवलेल्या पैशांतून तिने ती घेतली. तिला मधुमेह आहे. टेबलावरच्या तरुणाने तिला सांगितले, ‘मौशी, तेल लावल्यावर गोळी घेतली म्हणजे अविश्वास झाला.’ तिने पंधरा दिवस गोळी बंद ठेवली. साखर ४१२ वर गेली आणि चार दिवस तिला रुग्णालयात ठेवावे लागले. ज्या भागात चिंचपाड्यासारख्या ठिकाणी मिशनऱ्यांनी रुग्णालय उभारले आणि औषध देणे हीच प्रभूची सेवा मानली, त्याच भागात हे सांगितले जावे! प्रेषित पौलाचा सोबती आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता, हे त्या तरुणाला कोणी शिकवले नसावे.

यरुशलेमेच्या मंदिरातील कबुतरांचा व्यापार आठवावा असाच हा प्रकार आहे. ज्या बाळंतिणीला कोकरू परवडत नसे, तिने दोन कबुतरे आणावीत अशी बायबलच्या लेवीय पुस्तकात सवलत होती, आणि लूकच्या म्हणण्याप्रमाणे येशूच्या आईवडिलांनी तेच अर्पण वाहिले. म्हणजे कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठकी जेव्हा त्याने पालथ्या केल्या, तेव्हा तो आपल्या आईसारख्या बायकांच्या पदराला बांधलेल्या पैशांसाठी रागावला होता. आणि तो राग क्षणाचा नव्हता. मार्कने आपल्या शुभवर्तमानात लिहिले आहे की आदल्या संध्याकाळी त्याने मंदिरात जाऊन सगळे न्याहाळून पाहिले, मग तो बेथानी गावी परतला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याने सराफांचे चौरंग उलथवले. मी चौरंग उलथवले नाहीत, पण मावशी घरी आल्यावर बाटली घेऊन आयोजकांच्या कार्यालयात गेलो.

तेथील संवाद थोडक्यात देतो. पैसे परत मागितले तेव्हा उत्तर मिळाले, ‘ब्रदर, ते अर्पण आहे, अर्पण परत होत नाही.’ मी म्हटले, मग अर्पणाची पावती द्या. तेव्हा ते म्हणाले, ‘पावती कसली, ती तर वस्तूची किंमत होती.’ मग वस्तूचे बिल द्या, असे म्हटल्यावर चहा मागवण्यात आला.

मंडळीतील दोन ज्येष्ठांनी मला समजावले की दिवस बरे नाहीत, आपल्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते, घरचे उणे चव्हाट्यावर मांडू नये. त्यांची भीती खोटी नाही. परंतु मंदिरातल्या व्यापाऱ्यांना सुनावलेले ‘लुटारूंची गुहा’ हे शब्द प्रभूने यिर्मया संदेष्ट्यापासून घेतले, आणि यिर्मयाने ते मंदिराच्या दारात उभे राहून, उपासनेला आत जाणाऱ्या आपल्याच लोकांना ऐकवले होते.

ज्यांना अशा सभेला जायचे असेल त्यांनी जरूर जावे, गीते ऐकावीत, जेवावे, आणि पैसे देण्यापूर्वी पावती मागावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवावे लागतात व त्यांची तपासणी करून घ्यावी लागते. देवळाला आणि चर्चला हा नियम सारखाच आहे. शिवाय मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे, आणि सभेच्या फलकावर ‘शुगर’ हा शब्द ठळक अक्षरांत होता. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मी अर्ज दिला आहे आणि त्याची पोच माझ्याजवळ आहे.

पाचपैकी एक तारा देतो, तो गाणाऱ्या मुलांचा. बाटलीत अजून निम्मे तेल आहे. मावशीची साखर आता आटोक्यात आहे आणि परवाच तिने फोनवर बाटली परत मागितली. केसांना लावायला, म्हणाली.