व्हेटर्नरीचे शब्द: तोडून शिकायचे का कार्डं घोटायची?

आत्याचा पोरगा यंदा व्हेटर्नरीला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीला लागला, शिरवळला. ॲडमिशन झाल्या झाल्या पहिला फोन आला तो फीबद्दल नाही, होस्टेलबद्दल नाही, तर "दादा, ते डॉक्टरकीचे इंग्लिश शब्द कसं पाठ करायचं रं, सिनियर म्हणत्यात ॲप घे, सर म्हणत्यात वही घाल". मी दोन्ही करून बसलोय. आधी वर्षभर ॲप, मग वही, आणि आता एका डॉक्टरांच्या हाताखाली करवीर तालुक्यातले गोठे फिरतोय. त्यामुळं त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सावकाशीनं लिहितो. मी काय मास्तर नाही, आणि ज्याला ॲपवर जमलंय त्यानं खुशाल ॲपवरच राहावं.

फ्लॅशकार्डचं ॲप म्हणजे पुढं शब्द आणि मागं अर्थ असलेली कार्डं फोनवर रोज परत परत दाखवणारं, नीट परीक्षेच्या वेळी सगळ्यांनी वापरलेलं असतंय, म्हणून जास्त सांगत बसत नाही. त्याची खरी ताकद कुठं आहे, तर जे शब्द तोडून हातात काहीच पडत नाही तिथं. ब्रुसेलोसिस घ्या. तोडा कसा तोडायचा तो. ते डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरचं नाव आहे. थायलेरियोसिस, म्हणजे आपला गोचीड ताप, तो आर्नल्ड थायलरच्या नावावर. बबेसिओसिस रुमानियाच्या व्हिक्टर बाबेशच्या नावावर. साल्मोनेला म्हटल्यावर मला कितीतरी दिवस वाटत होतं की तो साल्मन माशातनं येत असणार, तर ते निघाले डॅनियल साल्मन, अमेरिकेतले जनावरांचे डॉक्टर. आता ह्या माणसांच्या नावात मूळ आणि प्रत्यय कुठं शोधणार, ती घोटावीच लागतात, आणि घोटायला ॲपसारखं दुसरं काही नाही हे मान्य करायला पाहिजे. जनावरांची विशेषणं पण तसलीच. बोव्हाइन गाय, ब्युबलाइन म्हैस, ओव्हाइन मेंढी, कॅप्राइन शेळी. माझी ओव्हाइन-कॅप्राइनची कायम अदलाबदल व्हायची, ती ॲपनं आठवड्याभरात मोडली. केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये, एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं पन्नासएक कार्डं सहज होतात. वही काढून बघा केएमटीत उभ्यानं, शेजारचा माणूस काय म्हणतोय ते.

आता वही. वही म्हणजे शब्द मधनं तोडायचा, प्रत्येक तुकड्याचा अर्थ लिहायचा आणि पुढं आपला शब्द. मॅस्टायटिस म्हणजे मास्ट आणि आयटिस, स्तन आणि दाह, पुढच्या रकान्यात कासदाह, आणि त्याच्या खाली गोठ्यातला शब्द, दगडी. हे वाचायला बालवाडीचं काम वाटतंय, मला पण वाटलं होतं, म्हणून तर पहिलं वर्षभर मी वहीच्या वाटेला गेलो नाही.

ह्यात आपल्या पोरांना एक फुकटचा फायदा आहे जो इंग्लिश पुस्तकातनं कळत नाही. ग्रीक आणि लॅटिन ह्या संस्कृतच्या लांबच्या चुलतबहिणी. त्यामुळं अर्धे तुकडे आपल्या घरातलेच निघतात. हायपर म्हणजे उपरि. हायपो म्हणजे उप. पेरी म्हणजे परि. डिस म्हणजे दुस्, दुष्काळातला. नकाराचा अ आणि अन् तर जसाच्या तसा. ऑस्टिओ म्हणजे अस्थि, जेनू म्हणजे जानु. मला हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं ते गंगावेशीत, संध्याकाळी म्हशी येतात तिथं, मी आणि मित्र धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन एकमेकाला शब्द विचारत होतो आणि त्याची आजी संस्कृतच्या शिक्षिका होत्या म्हणून त्याला माहीत की कासेला संस्कृतात ऊधस् म्हणतात. ऊधस्, इंग्लिशमध्ये अडर. दोघं पण एकदम गप्प झालो. समोर पंढरपुरी म्हैस उभी, तिची ती खांद्याच्या मागं गेलेली शिंगं, आणि आम्ही तिच्या कासेकडं बघून व्युत्पत्ती करतोय, म्हशीचा मालक काय समजला असेल देव जाणे.

त्यानंतर एक शब्द आला ट्रॉमॅटिक रेटिक्युलोपेरिटोनायटिस. ॲपमध्ये हे एक कार्ड होतं, पुढच्या बाजूला हा मालगाडीएवढा शब्द आणि मागच्या बाजूला एक ओळ. मी तो पाठ केला आणि चार वेळा विसरलो. वहीत तोडला तर रेटिक्युलम म्हणजे जाळी, पोटाचा तो मधमाशीच्या पोळ्यासारखा कप्पा. पेरिटोनियम म्हणजे परि अधिक तन्, चहूबाजूंनी ताणून बसवलेला पडदा. आयटिस म्हणजे दाह. ट्रॉमा म्हणजे जखम. मग अर्थ आपोआप उभा राहतोय, वैरणीतनं तार किंवा खिळा पोटात गेला, जाळीत अडकला, भोक पाडून बाहेरच्या पडद्याला टोचला. आणि पुढचा शब्द तर फुकटात पडला. त्या जाळीच्या आणि हृदयाच्या मधी फक्त डायफ्रामचा पडदा असतोय, तार अजून पुढं सरकली की पेरिकार्डायटिस, परि अधिक हृद्, हृदयाभोवतीच्या पिशवीचा दाह. एका खिळ्यावर दोन शब्द आणि आख्खा रोग. ॲपमध्ये ही दोन कार्डं एकमेकाला ओळखत पण नव्हती.

तरी मी लगेच ॲप सोडलं नव्हतं हे सांगायला पाहिजे. सोडलं ते एका गोष्टीमुळं, आणि ती किरकोळ आहे असं कुणी म्हणेल, पण माझ्यासाठी तिथंच विषय संपला.

तयार मिळणारे कार्डांचे गठ्ठे, निदान मला मिळाले ते सगळे, माणसाच्या डॉक्टरकीचे होते. नाव मेडिकल टर्मिनॉलॉजी, आपल्याला वाटतंय शब्द तर तेच. रोगांचे शब्द बऱ्यापैकी तेच असतात पण. दिशांचे नसतात. माणूस उभा असतोय, जनावर चार पायावर. माणसात डोक्याकडची बाजू सुपिरियर आणि पोटाकडची, म्हणजे समोरची, अँटेरियर. जनावरात समोर काय असतंय? डोकं. मग अँटेरियर म्हणजे पोट का डोकं? हा घोळ नको म्हणूनच जनावरात डोक्याकडं क्रेनियल, शेपटीकडं कॉडल, पाठीकडं डॉर्सल, पोटाकडं व्हेंट्रल असं वापरतात, डोक्यावरचीच नाकाकडची बाजू सांगायची तर रोस्ट्रल. पुढच्या पायाला गुडघ्याच्या खाली मागची बाजू पामर, मागच्या पायाला प्लँटर. ह्यासाठी नोमिना ॲनाटोमिका व्हेटेरिनारिया म्हणून वेगळी यादीच आहे, १९६८ सालापासून. आणि मी ज्याला आत्ता पुढच्या पायाचा गुडघा म्हटलं तो खरं तर मनगट आहे, कार्पस, खरा गुडघा मागच्या पायाला वर मांडीजवळ असतोय, त्याला स्टायफल म्हणतात. माणसाच्या कार्डात स्टायफल कुठनं येणार.

मी महिनाभर रोज सकाळी ती माणसाची कार्डं इमानदारीत घोटली. मग प्रॅक्टिकलला टेबलावर हृदय ठेवलेलं, सरांनी वरच्या बाजूच्या मोठ्या शिरेवर बोट ठेवून विचारलं आणि मी सगळ्यात आधी, लई कॉन्फिडन्सनं, सुपिरियर व्हिना काव्हा म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "म्हस दोन पायावर उभी केलीस काय?" सगळा वर्ग हसला. क्रेनियल व्हिना काव्हा. चुकलं त्याचं काही नाही, सगळेच चुकतात, पण त्रास पुढं झाला. ते जायलाच तयार नाही. ॲपचं काम काय, जे शिकवलंय ते पक्कं बसवणं, आणि त्यानं चुकीचं इतकं पक्कं बसवलेलं की पुढं दोन-तीन महिने तोंडातनं आधी सुपिरियर निघायचं आणि मग मी ते गिळून क्रेनियल म्हणायचो. अजून पण डॉक्टर घाईत फोनवर काही विचारतात तेव्हा एक सेकंद अडखळायला होतंय. त्यात गंमत म्हणजे डोळ्यात अँटेरियर चेंबर मात्र जनावरात पण अँटेरियरच राहतोय, म्हणजे सगळं पुसून टाकावं म्हटलं तर ते पण जमत नाही.

तुम्ही म्हणाल मग स्वतःची कार्डं बनव की. बरोबर आहे, मी बनवली. पण कार्ड बनवायला बसलं की आधी शब्द बघायचा, तोडायचा, कुठल्या जनावरात लागू होतोय ते बघायचं, आपला शब्द शोधायचा, मग टाइप करायचं. म्हणजे वहीचं काम आधी करून मग वर टायपिंग. शंभरएक कार्डं झाल्यावर लक्षात आलं की मला जे आठवतंय ते कार्ड बनवताना डोक्यात गेलेलं आठवतंय, नंतर घोटलेलं नाही. हे माझ्यापुरतं बरं का. आणि घरी म्हैस व्यायली, चार दिवस फोनला हात लागला नाही, तर उघडल्यावर चारशे कार्डं तुंबलेली, बघूनच बंद केलं. वही तुंबत नाही.

वहीचा खरा उपयोग कळला तो मात्र शिकताना नाही, गोठ्यात. एका गावात गेलो, मालक म्हणाले, "डॉक्टर, म्हस तांबडं मुततीया." आपल्याकडं ह्याला एकच शब्द, तांबडी लघवी. इंग्लिशमध्ये दोन, हिमॅटुरिया आणि हिमोग्लोबिनुरिया. पाठ केलं असलं तर दोन्हीचा अर्थ तांबडी लघवी असाच डोक्यात बसतोय. तोडलं असलं तर एकात आख्खं रक्त लघवीत आहे, दुसऱ्यात फक्त रक्तातला रंग, म्हणजे पेशी आतच फुटल्यात. मग बाटलीत लघवी धरून थोडा वेळ ठेवायची, तांबडं खाली बसलं तर रक्त, वरनं खालपर्यंत सारखाच रंग राहिला तर हिमोग्लोबिन. त्या म्हशीचं खाली काही बसलं नाही. महिन्याभरापूर्वी व्यायलेली, डॉक्टरांनी फॉस्फरस कमी पडल्याची शंका धरून गोचिडाचं पण बघून घेतलं. मी बाटली धरली होती एवढंच माझं काम, पण का धरलीय ते मला माहीत होतं.

वहीत खोट नाही असं नाही. तोडून अर्थ लावायची सवय लागली की जिथं शब्दच खोटा आहे तिथं माणूस फसतोय. मिल्क फीव्हर, आपण पण त्याचं सरळ दुग्धज्वर करून टाकलं. ताप कुठाय त्यात? उलट अंग गार पडतंय, कान गार, गाय मान कुशीकडं वळवून बसती. हायपोकॅल्सेमिया हा शब्द खरा, रक्तात कॅल्शियम खाली. दुसरी खोट देवनागरीची. मी वही सगळी मराठीत लिहिली आणि इलियम दोन ठिकाणी आला, एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, एक कमरेचं हाड. इंग्लिशमध्ये आतड्याच्या मधी ई आणि हाडाच्या मधी आय, मराठीत दोन्ही एकच, बोलताना पण एकच. परीक्षेत हाडाच्या जागी आतडं लिहून आलो. तेव्हापासनं स्पेलिंग शेजारी लिहितोच. आणि टॉमी, ऑस्टॉमी, एक्टॉमी ह्यांचं म्हणाल तर कापून उघडणं, तोंड पाडून उघडं ठेवणं आणि कापून काढून टाकणं हे नीट वेगळं लिहा, नाहीतर रुमेनोटॉमी, म्हणजे पोटाचा मोठा कप्पा कापून उघडणं, म्हटल्यावर मालकाला वाटतंय पोटच काढणार, आणि आपल्याला टॉमी म्हटलं की शेजारचं कुत्रं आठवतंय.

वही हळू चालती हे पण खरं. ॲपवर दिवसाला तीस शब्द होतात, वहीवर माझे आठ-दहा. परीक्षा पंधरा दिवसावर आली असली तर मी सुद्धा वही घे म्हणणार नाही, तिथं ॲपच. पण हातात साडेपाच वर्षं असली, त्याच्यासारखी, तर मी आपला वहीकडं झुकतोय. माणसांच्या नावाचे रोग आणि ओव्हाइन-कॅप्राइन एवढ्यापुरतं ॲप फोनमध्ये राहू दे, स्वतः बनवलेल्या कार्डांचं, आणि तयार गठ्ठा उतरवलाच तर आधी सुपिरियर शोधून बघ, सापडला तर काढून टाक, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तो कालच उतरवलाय."

मग म्हणतोय तुझ्या वहीचे फोटो पाठव. पाठवले असते, पण एकतर अर्ध्या पानांना शेणाचे हात लागलेत, आणि दुसरं म्हणजे त्यातला शेवटचा रकाना आमच्या गावचा आहे. व्यायल्यावर वार (प्लासेंटा) बाहेर पडली नाही की आमच्याकडं वार अडकली म्हणतात, आत्याच्या गावात जार पडला नाही म्हणतात, आणि शिरवळच्या बाजूला काय म्हणतात ते त्यालाच तिथल्या गोठ्यात विचारून लिहावं लागणार.