गाडीच्या एसीचा कुबट वास : फोम क्लीनर, नवा फिल्टर आणि एका पावसाळ्याचा अनुभव

पावसाळ्यात एसी सुरू करताच पहिली एक-दोन मिनिटे ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येणे, ही मुंबईतल्या गाड्यांची इतकी सर्रास तक्रार आहे की बहुतेकजण डॅशबोर्डवर सुगंधी डबी ठेवून मोकळे होतात. माझ्या आईला दम्याचा त्रास असल्यामुळे मला तेवढ्यावर थांबणे शक्य नव्हते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस मी फोमच्या स्वरूपातला इव्हॅपोरेटर क्लीनर वापरला, केबिन फिल्टर बदलला आणि गाडी बंद करण्याची पद्धतही बदलली. त्यानंतर गाडी संपूर्ण पावसाळाभर माटुंगा ते अंधेरी अशी धावली आहे, त्यामुळे यांपैकी कशाचा किती उपयोग होतो हे आता खात्रीने सांगता येईल.

एसीची हवा थंड होते ती डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या इव्हॅपोरेटरवर, ज्याला मेकॅनिक कूलिंग कॉइल म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पातळ, दाट पात्यांचा हा भाग एसी चालू असताना शून्याच्या जेमतेम काही अंश वर असतो, आणि जुलैतल्या मुंबईच्या हवेतले बाष्प तर २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच पाणी होऊ लागते. त्यामुळे कॉइलवर सतत पाणी धरते व ड्रेन पाइपमधून गाडीखाली ठिबकते. गाडी बंद केल्यावर पात्यांच्या फटींत उरलेले पाणी मात्र तिथेच राहते, त्यात धूळ मिसळते आणि त्या अंधाऱ्या जागी बुरशी व जिवाणूंचा थर तयार होतो. माहीमच्या सिग्नलला गाडी उभी असताना कॉम्प्रेसर थांबला की वास एकदम वाढायचा, त्याचेही कारण हेच आहे. कॉइल जराशी तापते आणि तिच्यावरचे पाणी त्या वासासकट पुन्हा हवेत मिसळते.

गेल्या वर्षी एका सर्व्हिस सेंटरने ‘एसी डिसइन्फेक्शन’ या नावाखाली व्हेंटमधून कसलासा सुगंधी फवारा मारून दिला होता. काही दिवसांतच तो सुगंध ओसरला आणि कुबट वास होता तसाच परत आला. फवारा कॉइलपर्यंत पोहोचतच नसेल, तर त्याचे पैसे घेणे मला योग्य वाटत नाही.

फोमच्या डब्याला लांब, बारीक नळी असते. ती ड्रेन पाइपमधून वर सरकवता येते किंवा फिल्टर काढल्यावर मोकळ्या होणाऱ्या जागेतून आत घालता येते. आमच्या मेकॅनिकने नळीला हात लावण्याआधीच बजावले, “दादा, आधी एसी चालवून खाली पाणी पडतंय का बघा. पडत नसेल तर फोम मारू नका, आतच साचेल.” हा सल्ला सोन्यासारखा आहे, कारण ड्रेन पाइप तुंबला असेल तर पाणी व फोम दोन्ही पुढच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये उतरतात. आमचा पाइप मोकळा होता. ब्लोअरच्या मोटारीवर आणि वायरिंगवर फोम जाऊ नये म्हणून त्याने ड्रेनच्या बाजूनेच, इंजिन बंद ठेवून, काम केले. डब्यावर लिहिलेल्या वेळेइतके थांबल्यावर गाडीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पाणी ठिबकू लागले. पहिले थेंब चहासारखे तपकिरी होते, त्यांत काळे बारीक कण होते, आणि हळूहळू पाणी स्वच्छ येऊ लागले. नंतर खिडक्या उघड्या ठेवून, एसी बंद करून पंखा बराच वेळ पूर्ण वेगाने चालवला. औषधाचा उग्र वास पुढचे काही दिवस राहिला, आणि तेवढे दिवस आईला मी गाडीत बसू दिले नाही.

ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर मागे जो जुना फिल्टर सापडला, त्याच्या घड्यांमध्ये पर्जन्यवृक्षाची बारीक पाने अडकून काळी पडली होती आणि एक कड हाताला ओलसर लागत होती. माटुंग्यात झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट उघडून काचेच्या पायथ्याशी असलेली जाळीही साफ करावी, कारण बाहेरची हवा तिथूनच आत येते. नवा फिल्टर मी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा घेतला. धूर व गटाराचा वास तो चांगला अडवतो. मात्र फिल्टर कॉइलच्या आधी असतो, त्यामुळे कॉइलवरच तयार होणाऱ्या वासावर त्याचा इलाज चालत नाही. कार्बनच्या फिल्टरसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सर्वांत जास्त फरक पडला तो कॉइल वाळवण्याच्या सवयीने. घर जवळ आले की मी एसीचे बटण बंद करतो आणि पंखा चालू ठेवतो. ऐन पावसात मात्र हे धोक्याचे आहे, कारण कॉइलवरची वाफ आत येऊन समोरची काच क्षणात धूसर होते. म्हणून मुसळधार पावसात एसी चालूच ठेवावा आणि वाळवण्याचे काम सोसायटीत पोहोचल्यावर करावे. बाहेरची हवाच दमट असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कॉइल लवकर वाळत नाही. अशा वेळी हीटर लावून हवा रिसर्क्युलेशनवर ठेवल्याचा मला उपयोग झाला. हीटर कॉइलच्या पुढे असतो, त्यामुळे गरम हवा केबिनमधून फिरून परत कॉइलवर आली तरच तिला ऊब मिळते. हे नेहमी उघड्या जागेतच करावे. तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे जिवावर बेतू शकते.

जून ते ऑगस्ट गाडीत वास अजिबात नव्हता. सप्टेंबरमध्ये काही दिवस गाडी धाकट्या भावाकडे होती. तो एसी चालू असतानाच थेट इंजिन बंद करतो, आणि गाडी परत आली तेव्हा पहिल्या मिनिटाला तो ओळखीचा वास पुसटसा आला. आठवडाभर नेमाने कॉइल वाळवल्यावर तो गेला, दुसरा डबा लागला नाही.

एसी बंद असतानाही गाडीत वास येत असेल, तर फोमवर पैसे घालण्याआधी कार्पेटखालचा जाड थर हाताने दाबून पाहावा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हा थर कित्येक दिवस ओला राहतो. गोडसर वास आणि काचेवर तेलकट धूसरपणा असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असण्याची शक्यता असते आणि ती गाडी त्याच दिवशी गॅरेजमध्ये न्यावी. फोमनेही न जाणारा जुनाट थर असेल, तर डॅशबोर्ड खोलून कॉइल बाहेर काढावी लागते, एसीतला गॅसही आधी काढून घ्यावा लागतो, आणि हा खर्च फोमच्या डब्याच्या कित्येक पट असतो. आमच्या गाडीला ती वेळ आलेली नाही. आई आता मागच्या सीटवर खिडकी बंद करून बसते.